नरपुंगव : यातला ‘पुंगव’ नेमका कोण?

‘नरपुंगव’ हा शब्द हल्ली बहुतेक वेळा कुणाची तरी टर उडवायलाच वापरतात. ‘या नरपुंगवांनी पुन्हा तोच घोळ घातला’ वगैरे. पण गीतेच्या पहिल्याच अध्यायात शैब्य राजाबद्दल ‘शैब्यश्च नरपुङ्गवः’ असं सरळ गौरवाने आलंय. पुंगव म्हणजे वीर का? जाणकारांनी सांगावं.

> पुंगव म्हणजे वीर नव्हे, वळू! ‘पुंस्’ म्हणजे नर आणि ‘गो’ म्हणजे गाय-बैल. तत्पुरुष समासात शेवटी आलेल्या ‘गो’चं ‘गव’ होतं. नरपुंगव म्हणजे वळूसारखा नर. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात व्याघ्र, पुंगव, ऋषभ, कुंजर, सिंह, शार्दूल, नाग हे शब्द एका ओळीत बसवलेत आणि समासात शेवटी आले की त्यांचा अर्थ ‘श्रेष्ठ’, असं स्पष्ट म्हटलंय. गीतेतलेच ‘भरतर्षभ’ (भरत + ऋषभ) आणि ‘पुरुषव्याघ्र’ याच घरातले.
>
> पाणिनीचं सूत्रही फार सुंदर आहे : उपमितं व्याघ्रादिभिः सामान्याप्रयोगे. म्हणजे व्याघ्र वगैरे शब्दांची उपमा देऊन समास करता येतो, पण साम्य कशात ते बोलून दाखवायचं नाही, तरच. ‘वाघासारखा शूर’ म्हणायचं असेल, तर ते सुटं म्हणावं लागतं. या व्याघ्रादी गणात, म्हणजे व्याघ्रापासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या यादीत, वराहसुद्धा आहे, म्हणजे डुक्कर हा तेव्हा मान होता!

मग आज कुणाला ‘बैल’ म्हटलं तर तो का भडकतो?

> कारण आपला बैल खच्ची केलेला, जुंपलेला. घाण्याचा बैल, नंदीबैल, बैलोबा : सगळीकडे मुकाट राबणं किंवा मान डोलावणं. पुंगव म्हणजे कळपाचा धनी. जनावर एकच, पण वेसण घातली की प्रतिष्ठा गेली.

लेखकाला ‘साहित्यपुंगव’ म्हटलेलं वाचलंय. ते चूक ना? तिथे कसलं आलंय बळ?

> अजिबात चूक नाही. वाल्मीकिरामायणाचा पहिलाच श्लोक बघा, तिथे नारदाला ‘मुनिपुंगव’ म्हटलंय. वीणा घेऊन हिंडणाऱ्या नारदात वळू कोण शोधणार? तिथे जनावर पार विरघळलंय, उरलाय तो फक्त ‘श्रेष्ठ’. उपहासाने वापरायचा तर जरूर वापरा, शब्दाचा थाट मोठा आहे म्हणूनच तो टोमणा लागतो. फक्त कुणी मनापासून ‘नरपुंगव’ लिहिलं, तर त्याला हसू नये, इतकंच मला वाटतं.