मदत हवी आहे: दोघी जोडीदार, एकीचा घटस्फोट झालेला नाही. कुठले कागद आधी करावेत?

पाणवठा:
पुण्यातल्या दोघींसाठी विचारतेय. दोघी हिंदू, नोकरदार, एकत्र राहतात. फ्लॅट 'अ'च्या एकटीच्या नावावर, तिच्याच पगारातून घेतलेला, कर्ज फिटलंय. 'अ' नवऱ्यापासून बरीच वर्षं वेगळी राहते, पण कोर्टातून घटस्फोट नाही. मूलबाळ नाही. आईवडील आहेत, वडिलांना पेन्शन आहे. 'ब' अविवाहित.

सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली, त्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर लग्नाचा रस्ता बंद आहे, पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. तेव्हा निकाल बरोबर की चूक हा वाद इथे नको, आहे त्या कायद्यात काय जमेल तेवढं सांगा.

आत्तापर्यंत झालेलं: सोसायटीत 'ब'चं नॉमिनेशन, 'ब'च्या नावे कुलमुखत्यारपत्र आणि पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेला 'सहजीवन करार'. एवढं पुरे, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. मला ते पटत नाही. अर्धा फ्लॅट बक्षीसपत्राने 'ब'ला द्यायचाही विचार चाललाय. बँकेत जॉइंट खातं उघडायला गेल्या तर 'नातं काय?' विचारून परत पाठवलं.

तारीख_पे_तारीख:
शंका रास्त आहे. या तिन्हींपैकी एकाही कागदाने फ्लॅट 'ब'चा होत नाही.

आज 'अ'चं बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पहिला वारस नवराच. किती वर्षं वेगळे राहिले याला किंमत नाही, लग्न कागदावर टिकून आहे ना, संपलं. तिच्या आईवडिलांचा नंबर नवऱ्याच्याच नव्हे, नवऱ्याच्या वारसांच्याही नंतर लागतो. म्हणजे नवरा आधी गेला तरी मूल नसलेल्या बाईची स्वकष्टाची मिळकत सासरच्यांकडे जाऊ शकते. हे ऐकून भलेभले चमकतात. 'ब' या यादीत कुठेच नाही.

म्हणून पहिला कागद मृत्युपत्र, आणि ते या महिन्यातच. महाराष्ट्रात त्याला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे शंभर रुपये फी भरून करून घ्याच. दोन साक्षीदार लागतात. ते वयाने 'अ'पेक्षा लहान आणि पत्ता सहसा न बदलणारे बघा, कारण उद्या वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागेल. त्याच दिवशीचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. नवऱ्याला आणि आईवडिलांना का देत नाही, हे दोन ओळींत शांतपणे लिहा. त्यांचा उल्लेखच टाळला तर 'हिच्यावर दबाव होता' म्हणायला जागा मिळते. शेवटी 'याखेरीज माझी जी काही मिळकत आज आहे वा पुढे होईल ती...' हे वाक्य हवंच, नाहीतर नंतर केलेली एफडी पुन्हा नवऱ्याकडे.

'ब'ने त्या दिवशी निबंधक कार्यालयात पाऊलही टाकू नये. वकील तिने ठरवला, मसुदा तिने टाइप केला, साक्षीदार तिचे, असं दिसलं की चांगलं मृत्युपत्रही संशयास्पद ठरतं.

घटस्फोटाचा अर्जही लावून टाका. तो झाला की नवरा वारसांतून कायमचा बाहेर.

शेअर सर्टिफिकेट:
वरच्याला अनुमोदन. सोसायटीपुरतं सांगतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर (कलम १५४ब-१३) नॉमिनीला फार तर तात्पुरतं सभासदत्व मिळतं, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्कानेच ठरते. तरी नॉमिनेशन रद्द करू नका. मधल्या काळात सोसायटीशी बोलायला 'ब'ला तोच आधार आहे. कमिटीच्या सभेत त्याची नोंद झाली का ते तपासा आणि पोच ताब्यात ठेवा. फॉर्म नुसता सेक्रेटरीच्या ड्रॉवरमध्ये पडून असणं ही नेहमीची गत.

बक्षीसपत्र मात्र करू नका. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडांना दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर देता येतं. 'ब' कायद्याने परकी, म्हणून खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क. वर, आयकर कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत ती बसत नाही, त्यामुळे पन्नास हजारांवरची भेट तिच्या उत्पन्नात धरली जाते. अर्ध्या फ्लॅटवर हा कर किती होईल हिशेब करून बघा. याच भेदभावाविरुद्ध २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आहे. मृत्युपत्राने मिळालेल्या मिळकतीला हा कर नाही.

पाणवठा:
हे फार उपयोगी आहे. आणि कुलमुखत्यारपत्र? 'अ' आजारी पडली तर सही 'ब'ने करायची, याच हेतूने केलंय ते.

आयसीयू_बाहेर:
नेमकं तेव्हाच ते निकामी होतं. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूने संपतं आणि त्याची बुद्धी चालेनाशी झाली तरी संपतं (करार कायदा, कलम २०१). ती शुद्धीवर आहे पण बँकेत जाऊ शकत नाही, तेवढ्यापुरतं ठीक. कोमात गेली तर पालक नेमायला उच्च न्यायालयातच जावं लागतं.

दवाखान्यासाठी दोन वेगळे कागद करा. एक, आगाऊ वैद्यकीय निर्देश. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्यात 'ब'चं नाव लिहा, प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या आणि फॅमिली डॉक्टरकडेही. हा निर्देश जीवरक्षक उपचार थांबवण्यापुरता आहे, रोजच्या ऑपरेशनच्या संमतीचा नाही. दोन, मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १४ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक आजाराच्या उपचारांत तिच्या बाजूने बोलणारी व्यक्ती. कोऱ्या कागदावर सही केली तरी चालते, रक्ताचं नातं लागत नाही.

पार्थिव ताब्यात मिळण्याबाबत केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवलंय, पण ते 'जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा' असं आहे. इथे ते आहेत. तेव्हा आईवडिलांशी बोलणं जमत असेल तर आत्ताच बोलून ठेवा, तिथे कागद तोकडा पडतो.

आणि तो सहजीवन करार? भिंतीवर लावायला छान.

पासबुक:
बँकेचं सोपं आहे. अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाचं २८ ऑगस्ट २०२४ चं पत्रक छापून न्या. समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं आणि नॉमिनेशन यांना कुठलीही आडकाठी नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तरी अडवलं तर नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फी नाही. खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ठेवा, म्हणजे दोघींपैकी कुणीही एकटीने चालवायचं आणि एक गेली तर दुसरीने.

पीएफ कुणी काढला नाही अजून. कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचं नॉमिनेशन चालत नाही. पण १९५२ च्या योजनेत बाईला एक वाट आहे: नवऱ्याला कुटुंबातून वगळते, असं आयुक्तांना लेखी कळवायचं. मग तो आणि त्याचे अवलंबून आईवडील दोन्ही बाहेर. 'अ'चे वडील पेन्शनर, म्हणजे आईवडील तिच्यावर अवलंबून नाहीत असं दाखवता आलं की 'ब'ला नॉमिनी करता येईल. आधी पत्राची पोच, मग नॉमिनेशन. क्रम उलटा झाला तर ते अवैध.

पाणवठा:
पीएफचं खरंच डोक्यात नव्हतं. वकिलाची फी हा शेवटचा प्रश्न, घटस्फोट आणि हे सगळं मिळून आवाका मोठा होतोय.

तारीख_पे_तारीख:
शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, पगारदार असली तरी. आधार आणि लग्नाचा जो काही पुरावा असेल तो सोबत न्या. मृत्युपत्र मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका, ते आधी उरका.