शिरपाव की शिरपेच?

तिरपी_ओळ
एका प्रदर्शनाच्या माहितीफलकांचं भाषांतर करतेय. आग्र्याच्या दरबारावरचा फलक आहे, १२ मे १६६६. बादशहाने शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंगाला खिलत म्हणजे मानाचा पोशाख दिला, महाराजांना वगळलं, आणि ते चिडल्यावर मग द्यायला माणसं पाठवली तेव्हा त्यांनी ती घालायला साफ नकार दिला, असा मजकूर. मी खिलतीला "शिरपाव" लिहिलं. मुद्रितशोधक बाईंनी ते खोडून लाल पेनाने "शिरपेच" केलं आणि समासात "असा शब्द नाही" असा शेरा. अहो आमची आजी कुणाला बक्षीस मिळालं की "शिरपाव मिळाला हो" म्हणायची, ती काय मनाने बनवून म्हणायची? आणि शिरपेच म्हणजे पगडीवरचा दागिना ना, तो नाकारला म्हटलं तर प्रसंगच वेगळा होतो. शुक्रवारी छापायला जातंय, लवकर सांगा.

जुना_बाजार
आजी बरोबर. फारसी सर-ओ-पा, म्हणजे डोकं ते पाय, अख्खा पोशाख. राजस्थानात सिरोपाव, शिखांकडे सिरोपा, गुरुद्वारात अजून गळ्यात घालतात. आपण "सर"चं "शिर" केलं आणि शिरपेच शेजारी येऊन बसला. त्यात पेपरवाल्यांनी "शिरपेचात मानाचा तुरा" रोज छापून त्याला इतकं मोठं केलं की शिरपाव बिचारा मागे राहिला.

ताक_फुंकून
मी लहानपणी समजायचो पाव डोकं असणाऱ्याला मिळतो तो शिरपाव. आमच्या हापिसातल्या बढत्या बघता फार चुकत नव्हतो.

शुद्धमती
पण फारसी हवीच कशाला? "मानवस्त्र" लिहा ना, वाचलं की कळतं. राज्यव्यवहारकोश याचसाठी झाला, दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय, चांगले दहा वर्ग पाडून. आणि साडेतीनशे वर्षांनी आपण महाराजांच्याच फलकावर सर-ओ-पा लिहायचं!

जुना_बाजार
ताई, कोश राज्याभिषेकाच्या सुमाराचा, हा प्रसंग त्याआधीचा आणि वस्तू बादशहाची. खिलतीचं मूळ बघा, अरबीत अंगावरून उतरवणे. राजाने स्वतःच्या अंगावरचं काढून दिलेलं, ते तुम्ही अंगावर चढवलं की तुम्ही त्याचे झालात. पुढे पुढे तोशाखान्यातूनच, म्हणजे बादशाही कपड्यांच्या कोठारातूनच यायची, तीन कापडांची म्हणजे पगडी जामा कमरबंद, पाचाची असली तर वर सरपेच आणि बालाबंद, म्हणजे पगडीवर बांधायची पट्टी. म्हणजे बाईंचा शिरपेच या शिरपावाच्या पोटातच आहे, सांगा त्यांना. "मानवस्त्र" म्हटलं की डोळ्यासमोर शाल-श्रीफळ येतं, चाकरी येत नाही.
आणि शब्द हुकमाने बदलायचे तर अकबरानेही बदलले होते, आईन-ए-अकबरीत यादीच आहे. जाम्याला सर्वगाती, बुरख्याला चित्रगुप्ता, शालीला परमनरम, जोड्यांना चरणधरन. खुद्द बादशहाने ठेवलेली नावं. जा आता दुकानात आणि म्हणा, एक परमनरम दाखवा.

शुद्धमती
परमनरम गोडच आहे, मी वापरणार. आणि दिनांक, महापौर याच हट्टाने रुळले ना, तेव्हाही लोक हसलेच असतील.

सातारी_कंदी
आपल्याकडे सरळ "वस्त्रे" म्हणायचे की. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यायची. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४, पुरंदरावर, आणि त्यांच्या नावाने वस्त्रे आली तेव्हा ते ४० दिवसांचे. पाळण्यातल्या पोराला काय जामा नि कमरबंद चढवणार? म्हणजे वस्त्रे म्हणजे कापड नाहीच, नेमणूक. "अमक्यास वस्त्रे झाली" म्हणजे पद मिळालं, संपलं.

तिरपी_ओळ
हे फारच छान आहे, पण फलकावर "महाराजांनी वस्त्रे घालण्यास नकार दिला" असं लिहिलं तर समोर सातवीची सहल उभी असेल 😭

ताक_फुंकून
गाईडसकट हसतील.

खानदेशी_मिरची
४० दिवसांच्या पेशव्याला झबलं घातलं असणार. झबलं जुब्ब्यावरूनच आलंय असं माझं ठाम मत आहे, जुब्बा झब्बा झबलं, बघा कसं लहान लहान होत गेलं.

जुना_बाजार
ठाम मत ठीक, पुरावा?

खानदेशी_मिरची
कानाला पटतं हाच. बरं तो शब्द लोकांना कळेल का म्हणताय, तर आमच्याकडे लग्नात अजून "पोशाख करतात". मामाने जावयाला पोशाख केला म्हणजे शर्टपीस, पँटपीस, टॉवेल, टोपी, सगळं. माझ्या लग्नात एका काकांना नुसताच टॉवेल गेला, टोपी राहिली, तर ते पंगतीतून उठले. भर मांडवात. टोपी सापडली शेवटी नवरीच्या बॅगेत. हे आग्र्याचंच झालं की हो, कापडाचं काही नाही, कुणाला आधी आणि कुणाला काय दिलं यावर सगळं.

सातारी_कंदी
न घालणंही बोलतंच. १९११च्या दिल्ली दरबारात बाकीचे संस्थानिक हिऱ्यामोत्यांनी लगडलेले आणि सयाजीराव गायकवाड साध्या पांढऱ्या पोशाखात आले, एकदा वाकले आणि पाठ करून गेले. इंग्रजी पेपरांनी केवढा गहजब केला.

शुद्धमती
शालजोडीतला दिला म्हणा.

ताक_फुंकून
हां, ते शालजोडीतले म्हणजे नक्की काय? शालींची जोडी की शालीत गुंडाळलेले जोडे?

जुना_बाजार
शालजोडी म्हणजे दोन शालींचा जोड. मारायचे जोडे वेगळे, ते त्यात गुंडाळलेले.

खानदेशी_मिरची
आमचे गुरुजी उलटं सांगायचे.

तिरपी_ओळ
बाईंचा मेसेज आलाय. "शिरपाव कोशात सापडला, ठेवू या. पण कंसात शिरपेच टाकते, वाचकांना सोपं जाईल."

ताक_फुंकून
चरणधरन काढा कुणीतरी.