भाजी-चीजचे पफ: पावसात तळ कुरकुरीत कसा ठेवायचा?

मंडळी, मदत हवी आहे. रविवारी खानापूर आणि निपाणीहून नणंदा, भाचरं बेळगावात टिळकवाडीला आमच्याकडे येणार. उशिराचा नाश्ता आणि जेवण एकच करायचं ठरलंय. गोडाला कुंदा आहेच, तिखटाला भाजी-चीजचे पफ घरी भाजायचेत.

खरी काळजी तळाची. कोबी, गाजर, ढोबळी मिरचीला पाणी सुटतं, त्यात आपल्याकडची पावसाळी दमट हवा. सारण कोरडं परतून पूर्ण गार करून भरणार. गरम भरलं की पफच्या पिठाच्या थरांमधलं लोणी वितळतं आणि पदर सुटत नाहीत. पण ओल शोषायला कुस्करलेला बटाटा घालू की ब्रेडचा चुरा? बटाट्याने भाजीची चव दबते असं माझं मत. चीज साधं प्रोसेस्ड घेऊ की मोझरेला? कडेने बाहेर येणार नाही असं कुठलं?

सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून वरून दूधच लावणार. ओव्हन लहान, २०० अंशांवर दोन खेपांत भाजावे लागतील. आदल्या रात्री भरून फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा की. शहापूर-वडगाव भागात तयार पफ शीट कुठे मिळतात तेही कळवा.