घरी बनवलेले ध्वनिशोषक पॅनेल : गरज की उधळपट्टी?

खर्ज :
‘खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा आणि मोकळे व्हा, रॉकवूलचे (वितळवलेल्या दगडापासून काढलेल्या तंतूंचे) पॅनेल बनवणे ही उधळपट्टी आहे’, हा ‘जुना वाडा’ यांचा सल्ला वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ट्रेचा पातळ पुठ्ठा फार तर वरच्या पट्टीतला थोडासा आवाज खातो. माणसाच्या आवाजाचा गाभा जिथे असतो, तिथे तो निरुपयोगी आहे. शिवाय कोरडा पुठ्ठा पेटायला वेळ लागत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातील एका नाइट क्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसे दगावली. आवाजासाठी भिंतीवर काय लावावे, हा प्रश्न इतक्या सहज निकालात काढण्यासारखा नाही.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या वाढवत नेऊन आवाज विरायला किती वेळ लागतो याचा हिशेब बसवला, तो आजही चालतो. तीन मीटर लांब, तितकीच रुंद आणि २.७ मीटर उंच अशा रिकाम्या खोलीचे एकूण शोषण साडेतीन चौरस मीटर (म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतके) धरले, तर आवाज विरायला सुमारे १.१ सेकंद लागतात. १.२ बाय ०.६ मीटरचे सहा पॅनेल लावले की शोषणात चारेक चौरस मीटरची भर पडते आणि तोच काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. त्यासाठी ४८ डेन्सिटीचे (घनमीटरला ४८ किलो वजनाचे) ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे स्लॅब, पाइनच्या पट्ट्यांची चौकट आणि मांजरपाट पुरेसे आहे. कापड ओठांशी धरून फुंकर मारावी. ती आरपार गेली तर कापड चालेल, रेक्झिनसारखी अडली तर नाही. पॅनेल भिंतीला न चिकटवता पाच सेंटिमीटर पुढे टांगावे, कारण भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ नसतेच, मग तंतूंनी अडवायचे काय?

जुना वाडा :
ट्रेचा मुद्दा सोडतो, आगीचे कारण नाकारता येत नाही. परंतु त्याच्या जागी तुम्ही घरात काय आणायला सांगत आहात, याचा विचार केला आहे का? माझे थोरले बंधू कारखान्यात वाफेच्या पाइपांना हेच रॉकवूल गुंडाळत असत. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असत आणि रात्रभर खाज व खोकला चाले. ज्या खोलीत नातवंडे झोपतात, तिथे हा प्रकार मी येऊ देणार नाही. तुमच्या सेबाइनसाहेबांनीही गाद्याच वापरल्या होत्या. जाड गोधड्या आणि गालिचा मला पुरेसा आहे.

खर्ज :
आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये रॉकवूलला संशयितांच्या गटातून काढून, कर्करोगकारक ठरवण्याइतका पुरावा नसलेल्या गटात टाकले. कापताना हातमोजे आणि मास्क वापरावा, मागची बाजूही कापडाने बंद करावी, म्हणजे तंतू बाहेर पडण्याचा प्रश्न फारसा राहत नाही.

जुना वाडा :
कोणत्या गटात टाकले याने बंधूंचा खोकला थांबला नव्हता. ज्यांनी तो ऐकलेला नाही, त्यांनी आम्हाला गट शिकवू नयेत.

सागरगोटा :
आपण दोघेही पावसाळा विसरलात. रत्नागिरीला आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आषाढात हात लावला तर पंजा ओला होतो. रॉकवूलला बुरशी धरत नाही हे खरे, पण वरच्या मांजरपाटाला धरते, आणि गोधडीचे तर विचारूच नका. त्या भिंतीवर काहीही टांगू नये. टांगायचेच असेल तर मागे वारा खेळता ठेवावा आणि गणपतीच्या आधी सगळे उतरवून उन्हात टाकावे.

काळी एक :
खाज आणि बुरशी यांच्या भांडणात गाणे राहूनच गेले. सगळ्या भिंती झाकलेल्या खोलीत मी रियाज केला आहे. आवाज तोंडाबाहेर पडताच मरतो, मग गायक नकळत जोर लावतो आणि तासाभरात गळा बसतो. दुसरे असे की, काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, सुमारे ६९ हर्ट्झचा असतो आणि अडीच मीटर रुंदीच्या खोलीत नेमकी तिथेच उभी लहर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगणारा आवाज, तयार होते. तो गुंजारव तुमच्या ५० मिलिमीटरच्या स्लॅबला दाद देत नाही. वरचे सूर गिळले आणि खालचे तसेच राहिले, तर खोली सुधारली असे कसे म्हणायचे? आणि हे लावून शेजाऱ्यांची तक्रार थांबेल, असे ज्या सुताराने आम्हाला सांगितले, त्याने निव्वळ फसवले. भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागते, कापूस नव्हे.

खर्ज :
खर्जाबाबत आपले म्हणणे मान्य करावे लागते, जरी आपण ते ज्या सुरात मांडले तो मला रुचलेला नाही. त्यासाठी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत फूटभर जाडीचा थर द्यावा लागतो, आणि लहान खोलीत तेवढी जागा सोडणे प्रत्येकाला परवडत नाही. मात्र सगळ्या भिंती झाका, असे मी कुठेही लिहिलेले नाही. गायकासमोरची भिंत उघडी ठेवून पाठीमागे आणि बाजूंना पॅनेल लावले, तर आवाज परतही येतो आणि घुमतही नाही.

जुना वाडा :
फूटभर जाडीचा? म्हणजे रॉकवूल आणखी वाढले. माझा विरोध कायम आहे.