लाइक येतात, पण कला-वाटेवर माणसं येत नाहीत

आमच्या कला-वाटेवर कुंभार, विणकर, सुतार एकाच दिवशी आपापल्या कार्यशाळा खुल्या ठेवतात. इन्स्टाग्रामवर लाइक भरपूर पडतात, दारात मात्र कुणी येत नाही. काय करावं?

उत्तर : पोस्टर कमी करा, हात दाखवा. चाकावरच्या मातीच्या गोळ्यात कुंभाराचे अंगठे उतरतात, तो क्षण जवळून टिपा. फोन उभा धरा. चाकाचा आवाज तसाच राहू द्या, वर गाणं चढवू नका. पोस्टमध्ये कारागिराला 'कोलॅब' म्हणून जोडा, त्याने ते स्वीकारलं की ती त्याच्या प्रोफाइलवरही दिसते. गिऱ्हाईक थेट त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक : गूगलच्या 'माय मॅप्स'मध्ये सगळी ठिकाणं टाकून लिंक बायोत द्या. वेळ लिहा, जिने आहेत का तेही लिहा. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून ती हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर टिकून राहणाऱ्या स्टोऱ्यांत, ठेवा.

प्रश्नकर्ती : विणकाम करणाऱ्या मावशी कॅमेऱ्याला लाजतात हो.

उत्तर : मग चेहरा नकोच. ताण्यातून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून, आडवा धागा नेणारा धोटा सरकताना घ्या. आणि टाकायच्या आधी व्हिडिओ त्यांना दाखवा, त्या हो म्हणाल्या तरच टाका.