खारट पॉपकॉर्नची कृपा

समीक्षकाने स्वतःच्या आवडीनिवडी बाजूला ठेवून लिहावं, हे मत काही पटलं नाही बुवा. रॉजर एबर्टचंच बघा. 'शिकागो सन-टाइम्स' या अमेरिकन वृत्तपत्राचा हा चित्रपट समीक्षक १९७० मध्ये एक सिनेमा अर्धवट टाकून उठला. पॉपकॉर्न फार खारट होतं, म्हणून बिअर प्यायला 'फिफ्थ पेग' नावाच्या बारमध्ये शिरला. तिथे एक पोरगा गिटार घेऊन गात होता. दिवसा घरोघर टपाल वाटणारा जॉन प्राइन! गाणं हा एबर्टचा प्रांतच नव्हे, पण भारावून त्याने या पोस्टमनवर लेख लिहिला. प्राइनवरचं ते पहिलं परीक्षण. पुढे प्राइन अमेरिकेतला केवढा मोठा गीतकार-गायक झाला ते सांगायला नको.

टीव्हीवर एबर्टबरोबर सिनेमांची समीक्षा करणारा त्याचा भिडू जीन सिस्केल तर आणखी वरताण. 'सॅटरडे नाइट फीव्हर' सिनेमातला नट जॉन ट्रॅव्होल्टाचा डिस्कोवाला पांढरा सूट गड्याने लिलावात विकत घेतला होता. अशी दोन माणसं तटस्थ कशी राहणार? म्हणूनच त्यांची भांडणं रंगायची.

आणि एबर्टला समीक्षेसाठी १९७५ चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मानाचं अमेरिकन पारितोषिक, मिळालंच की. आजारपणात आवाज गेला, तोंडाने जेवणं कायमचं बंद झालं, तरी २०१० मध्ये पठ्ठ्याने पुस्तक काढलं ते राइस कुकरवर.