कापूस भरण्याआधी सील तपासा

हेडफोनचा बेस वाढवायला त्याच्या कपात कापूस ठासून भरा, असा सल्ला दिला जातो; तो मला पटला नाही. कापूस कपातली घुमणारी, डब्यात बोलल्यासारखी गुणगुण शोषतो; खोल बेस वाढवत नाही. बायरडायनॅमिक कंपनीच्या डीटी 770 सारख्या बेस-रिफ्लेक्स (बेससाठी कपाला मुद्दाम हवेचं छिद्र, म्हणजे व्हेंट, ठेवलेल्या) मॉडेलमध्ये तर त्या नादात व्हेंट बुजला की मागची हवा ताठ होते, पडदा आखडतो आणि खालचा बेस उलट घटतो. चिमूटभर कापूस पुरे, व्हेंट मोकळा ठेवून.

बेस हरवतो तो बहुतेक वेळा कानाभोवती टेकणाऱ्या पॅडपाशी. 40 हर्ट्झचा (खोल बेसचा) टोन हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळहातांनी अलगद दाबा. आवाज एकदम भरला तर सील, म्हणजे पॅडची कानाभोवतीची हवाबंद पकड, नीट बसत नाहीये: चष्म्याची काडी, कानाजवळचे केस, नाहीतर दबून गेलेला फोम. वेलोर (मखमली कापड) हवा झिरपू देतं, म्हणून रेक्झिनचे मेमरी फोम पॅड लावून बघा. फार जाड मात्र नकोत, कान ड्रायव्हरपासून (आवाज काढणाऱ्या भागापासून) लांब गेला की वरच्या पट्टीचा तोल बदलतो. एवढं झाल्यावरच इक्वलायझर: 100 हर्ट्झला लो शेल्फ (त्याखालचा सगळा बेस उचलणारा फिल्टर), 4 डेसिबल वर, आणि प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) तेवढाच खाली. हे दुसरं विसरलं की क्लिपिंग होऊन (पातळी मर्यादेबाहेर जाऊन आवाज कापला जाऊन) ढोल फाटका वाजतो, आणि दोष हेडफोनवर जातो.